मावशीला असेल तर घाई नाही

साक्री,
पोळ्याच्या आदल्या दिवशी

प्रिय नूतन,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू घाबरली असशील, म्हणून आधीच सांगते, कोणी गेलेलं नाही. मी बरी आहे, तुझी आई बरी आहे, आणि आम्ही दोघी आत्ता साक्रीत तुमच्याच घराच्या ओट्यावर बसलो आहोत. अक्का उद्याच्या पुरणासाठी डाळ निवडते आहे आणि मी मांडीवर पाट घेऊन लिहिते आहे. हातात मोबाइल असताना ही म्हातारी पत्र काय लिहीत बसली, असं तू गोपाळरावांना म्हणशील. अगं, फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे तुझ्या फोडणीशी बोलायचं. आवाज मोठा करून तू फोन गॅसशेजारी ठेवतेस, मग मधेच कुकरची शिट्टी, मधेच जावईबापूंचा चहा, मधेच लेकीच्या क्लासची वेळ. इकडे असोद्यालाही माझ्या खोलीत कोणी ना कोणी असतंच. शिवाय मी काही गंभीर बोलायला लागले की तू हसून मला उडवून लावतेस, ती तुझी लहानपणापासूनची खोड आहे. कागदाला हसून उडवता येत नाही. शाळेत पोरांना धडा शेवटपर्यंत वाचायला लावतेस ना, तसं हे तूही वाच, मधेच सोडून उठू नकोस.

आधी माझी खबरबात. जळगावला रेडिएशनचा शेक घ्यायला रोज जावं लागत होतं, ते संपलं. माझ्या अमृतनं केळीचा माल निघायच्या दिवसांतही न्यायचा एकदाही कंटाळा केला नाही, आणि दिपमाला तर सून असून माझ्यावर सासूसारखी नजर ठेवून असते. जड उचलू देत नाही, उन्हात जाऊ देत नाही, आणि गोळी घेतली का हे माझ्या तोंडाकडे पाहून विचारते, कारण मी खोटं बोलते हे तिला कळलेलं आहे. डाव्या बाजूची कातडी काळवंडली होती, ती आता निवळते आहे. कॅन्सरची गाठ काढली, छाती राहिली, माझी वेणी राहिली. ते मोठं औषध, ज्यानं केस जातात, त्याची गरजच पडली नाही. रोजची एक गोळी काही वर्षं घ्यायची आणि ठरल्या वेळी दाखवायला जायचं. गावातल्या बायका भेटायला येतात त्या रडायची तयारी करून येतात, आणि मी समोर चुलीवर वांगी भाजताना दिसले की त्यांची मोठी पंचाईत होते. मग त्या चहा पितात आणि आपापल्या सुनांबद्दल बोलून जातात.

हे सापडलं कसं, ते मी तुला नीट सांगितलंच नव्हतं. मी गेले होते साखर तपासायला. आरोग्य केंद्रात तिशीच्या वरच्या बायकांची तपासणी आहे म्हणून आशाताई घरोघरी सांगत फिरली, आणि फुकट आहे म्हटल्यावर आम्ही दहा-पंधराजणी निघालो. साखर झाली, रक्तदाब झाला, तोंड उघडून पाहिलं, आणि मग सिस्टर म्हणाली, मावशी, पडद्यामागं या. बाकीच्या लाजून हळूच सटकल्या. मी गेले, कारण मला वाटलं पडद्यामागं वजनाचा काटा असेल. त्या पोरीनं बोटं फिरवत फिरवत एका जागी थांबवली. तिथं हरभऱ्याएवढं काही आहे हे मला माहीत होतं. मी तिला म्हटलंही, अगं ती दुधाची जुनी गाठ आहे, तिच्याकडं लक्ष देऊ नकोस. तिनं विचारलं, धाकटं लेकरू केवढं आहे. मी म्हटलं, लेकराला लेकरू झालं. ती हसली नाही. म्हणाली, दुधाची गाठ इतकी वर्षं राहत नाही, आणि ही तर नवी दिसते. नूतन, ती दुखत नव्हती, हे लक्षात ठेव. दुखली असती तर मी स्वतःच आरडाओरडा करून घर डोक्यावर घेतलं असतं. दुखत नव्हती म्हणून तर मी तिला जुनी ओळखीची समजून चालले होते.

आजारपणात पडून राहावं लागलं तेव्हा मला सारखी तुझीच आठवण यायची. कारण नसताना यायची असं म्हणणार होते, पण आज खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे. दिवाळीच्या सुट्टीत नाना तुला असोद्याला आणून सोडायचे ते आठवतं का? साक्री ते धुळे, धुळे ते जळगाव, आणि पुढं असोद्याच्या गाडीत तू नानांच्या खांद्यावर झोपलेली. उतरलीस की डोळे चोळत पहिली स्वयंपाकघरात. साक्रीहून येताना 'आहे'ला 'शे' म्हणत तोंडभर अहिराणी घेऊन यायचीस आणि आमची पोरं तुझी टर उडवायची. एकदा शेतात भरिताचा बेत होता. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर हिरवी वांगी भाजली, मिरच्या भाजल्या, तुझ्या काकांनी लाकडी ठेचणीनं सगळं ठेचलं, कांद्याची पात घातली, आणि पंगत बसायच्या आत तू पातेल्याला दोन्ही हातांनी मिठी मारून म्हणालीस, "भरीत बठ्ठं मनं शे." सगळं भरीत तुझं एकटीचं म्हटल्यावर सगळे पोट धरून हसले. अमृत अजूनही पानात भरीत वाढलं की तेच म्हणतो. तू केवढीशी होतीस, आणि काका तुझ्याकडं बघत एकदम उठून मोटेकडं गेले होते. विहिरीवर मोट नव्हतीच तेव्हा, कधीच इंजिन बसलं होतं, पण त्या जागेला आम्ही मोटच म्हणायचो. बराच वेळ ते परत आले नाहीत.

आणि आखाजी, आपली अक्षय तृतीया. आखाजीला गावातल्या झाडून सगळ्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. मला मुलगी नाही म्हणून माझ्या दारात कोण येणार? पण तू यायचीस. आखाजीचा दिवस साक्रीला आईजवळ, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं असोद्याला, हा नियम तू लग्नानंतरही मोडला नाहीस. गोपाळरावांना पहिल्या वर्षी कळेना की बायकोला माहेरं किती आहेत. मी लिंबाच्या झाडाला दोर बांधायला सांगायची तर प्रेमराज चिडायचा, आई, ती आता एवढी मोठी झाली, झोका काय करायचा. तरी तू बसायचीस. सांजोऱ्या मी तुझ्यासाठी वेगळ्या, जास्त खसखस घालून करायची, हे दिपमालाला ठाऊक आहे आणि तिनं मला त्याबद्दल एकदा टोमणाही मारला आहे. बरोबर होतं तिचं. बहिणीच्या मुलीचं इतकं कोणी करत नाही.

आमच्या शेजारची सुगंधाबाई तुला आठवत असेल. गावातली निम्मी बाळंतपणं तिच्या हातची. तू दिसलीस की ती काठी टेकत यायची, तुझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवायची आणि म्हणायची, "कपाय तं याच घरचं आहे." मी लगेच तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवून तिला वाटेला लावायची. तू मला विचारलं होतंस, मावशी, ही म्हातारी माझं कपाळ का बघते. मी म्हटलं, तिला दिसत कमी म्हणून. तिला शेवटपर्यंत सुईत दोरा ओवता येत होता. पण तिनं गुळावर भागवलं, आणि तिच्या वयाच्या सगळ्याच जणींनी भागवलं. गाव फार बोलतं असं आपण म्हणतो, पण एखाद्या गोष्टीवर गप्प बसायचं ठरवलं की गाव मरेपर्यंत गप्प बसतं. आता त्यातली कोणीच उरली नाही.

आता जळगावच्या डॉक्टरबाईंबद्दल लिहिते. बाई तुझ्याच वयाच्या, पण माझ्याशी बोलायला वेळ काढायच्या. ऑपरेशनच्या आधी मी त्यांना विचारलं, आमच्या सात पिढ्यांत कोणाला असलं काही नाही, मग मलाच का. त्या म्हणाल्या, ज्यांना होतो त्यातल्या पुष्कळ बायकांच्या घरात आधी कोणालाच झालेला नसतो, म्हणून तर तपासणी सगळ्यांनी करायची. मग त्यांनी आणखी एक सांगितलं. म्हणाल्या, मावशी, तुम्हाला साठीनंतर झाला, पण आपल्याकडच्या, म्हणजे भारतातल्या आणि एकूणच आशियातल्या बायकांना हा आजार गोऱ्या बायकांपेक्षा लवकर गाठतो. चाळिशीत, पंचेचाळिशीत पुष्कळ जणी येतात आणि बहुतेक उशिरा येतात, कारण त्या वयात घरात सगळ्यांचं करताना स्वतःकडं बघायला फुरसत नसते. आणि त्या वयात छाती आतून दाट असते. मॅमोग्राफीच्या फोटोत दाट भाग पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच दिसते, म्हणजे कापसाच्या गंजीत एक बोंड शोधायचं. म्हणून तसल्या बायकांची सोबत सोनोग्राफीही करतात. मी ऐकत होते आणि मनात तुझं वय मोजत होते.

मग त्यांनी विचारलं, बहिणी किती? मी म्हटलं, एक, थोरली, साक्रीला. त्यांनी अक्काला तपासायला सांगितलं, आणि तू तिला घेऊन गेलीस, तिचं सगळं स्वच्छ निघालं, ते तुला माहीतच आहे. मग विचारलं, मुली किती? अमृत शेजारी बसला होता. त्यानं माझ्याआधी उत्तर दिलं, आम्ही दोघं भाऊच. डॉक्टरबाई म्हणाल्या, मग ठीक, मुलगी असती तर मी तिला उद्याच बोलावलं असतं. आईला झालेला असला की मुलीनं वाट बघायची नसते, दरवर्षी यायचं असतं. अमृत मान हलवत होता. मी छताचा पंखा बघत बसले. घरी येताना गाडीत त्यानं विचारलं, आई, घाबरलीस का ऑपरेशनला. मी म्हटलं हो.

तेव्हापासून मी तुझ्या मागं लागले. तपासून घे, तपासून घे, म्हणून तुला नको नको केलं. तू आधी परीक्षा म्हणालीस, मग लग्नसराई, मग शाळा उघडू दे. शेवटी तुमच्या शाळेतच शिबिर झालं तेव्हा मला वाटलं सुटले. त्या संध्याकाळी तू फोन केलास आणि किती खुशीत होतीस. म्हणालीस, मावशी, तुझ्या समाधानासाठी रांगेत उभी राहिले बघ. सिस्टरनं विचारलं, आई, बहीण, मुलगी यांपैकी कोणाला होता का. मी नाही म्हटलं. मावशीला होता, तेही सांगितलं. ती म्हणाली, मावशीला साठीनंतर झाला, आईचं सगळं चांगलं आहे, मग मॅमोग्राफीची एवढी घाई नाही. आज ज्यांच्या आईला किंवा बहिणीला झालाय त्यांना आधी पाठवतेय, तुम्ही पुढच्या वेळी आरामात या. आणि मग तू हसून म्हणालीस, अगं मावशी, माझी आई चौऱ्याहत्तरची आहे, अजून शुक्रवारचा बाजार डोक्यावर पाटी घेऊन करते, मी तिच्यावर गेलेय, मला काय होतंय. दिवाळीच्या सुट्टीत बघू. त्या सिस्टरचं काही चुकलं नाही. तुझंही चुकलं नाही. जे माहीत होतं ते तू सांगितलंस आणि तिनं त्यावरून केलं. पण तू फोन ठेवलास आणि मी तशीच उंबऱ्यावर बसले. दिपमालाला वाटलं चक्कर आली, तिनं साखरपाणी आणलं. दिवाळी झाली की तू संक्रांत म्हणणार, मग परत परीक्षा. मी तुला ओळखते.

त्याच आठवड्यात मी हट्ट करून साक्रीला आले. शेक संपल्यावर बहिणीकडं चार दिवस हवापालटाला जाते असं घरी सांगितलं. अक्काला काही सांगायच्या आधी मला जुनं सगळं आठवलं, ते तुलाही सांगायला हवं, कारण तुझ्या आईनं तुला त्यातलं काही सांगितलेलं नसणार. तिच्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि कूस उजवली नव्हती. डोहाळजेवणाला तिला बोलावत नसत. बोलावलं तर ओटी भरायला पुढं करत नसत, मागं भांड्यांपाशी बसवत. धुळ्याचे डॉक्टर झाले, पिंपळनेरकडचे जडीबुटीवाले झाले, नवस झाले. चैत्रामनाना देवमाणूस, पण त्यांच्या आईनं दुसरी मुलगी बघून ठेवली होती, आणि नाना किती दिवस नाही म्हणणार? त्या हिवाळ्यात अक्का असोद्याला आली ती कपड्यांची पेटी घेऊनच. काय झालं हे तिनं सांगितलं नाही. चुलीपुढं बसून भाकरी थापत राहिली, आम्हाला लागतात त्याच्या दुप्पट थापल्या. अमृत आणि प्रेमराज तिच्या दोन्ही मांड्यांवर चढून बसले होते. मला तेव्हा तिसरा महिना होता. मला तिसऱ्यांदा दिवस गेले होते, हे तुला कोणी कधी सांगितलं नाही. मी तिच्या पाठीकडं बघितलं आणि मनात ठरवून टाकलं. तुझ्या काकांना विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, मुलगा झाला तरी? मी म्हटलं, मुलगा झाला तरी.

श्रावणात आमच्याकडं कानबाई देवी बसली, नैवेद्याच्या रोटांचा स्वयंपाक झाला, साक्रीहून नाना आणि अक्का आले. आम्ही दोघी बहिणींनी कानबाईसमोर हात ठेवून शपथ घेतली, की ही गोष्ट आपल्या तोंडून त्या लेकराच्या कानावर कधी जाणार नाही. अक्काला धाक होता, की उद्या कळती झाल्यावर ती माझ्याकडे यायला निघाली तर. मी ती शपथ आजपर्यंत पाळली. तुला ताप आला तेव्हा पाळली, तुझ्या लग्नात मांडवाच्या कडेला उभी राहून पाळली, तुझी लेक झाली तेव्हा बाळंतविडा घेऊन पाहुणीसारखी आले आणि पाहुणीसारखी परत गेले. मला पस्तावा झाला का, असं मनात आणू नकोस. एक दिवसही झाला नाही. वाईट वाटलं, ते वेगळं. अक्कानं तुला जसं वाढवलं तसं मला जमलं नसतं. माझ्याकडं तू दोन भावांच्या मागं शेण काढत मोठी झाली असतीस, तिनं तुला शाळेतली बाई केलं.

इथं आल्यावर तिसऱ्या दिवशी परसात कपडे वाळत घालताना मी अक्काला सगळं सांगितलं, डॉक्टरबाई काय म्हणाल्या, शिबिरात तू काय सांगितलंस, सिस्टर काय म्हणाली. म्हटलं, अक्का, शपथ तुझ्यासाठी घेतली होती, तू सोडवलीस तरच मी बोलेन. ती हातातलं लुगडं पिळत राहिली. पाणी निघेना तरी पिळत राहिली. मग म्हणाली, "ती माले आते काय म्हनी?" तू आता तिला आई म्हणशील का, हीच तिची धास्ती, नूतन. मी तिच्या हातातून लुगडं घेतलं. त्या दिवशी ती जेवली नाही, देवघरात बसून होती. काल सकाळी चहा माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "म्हनू दे काय म्हने ते. पोर जित्ती ऱ्हावाले पाहिजे. तू लिख. कानबाईले मी सांगसू." आणि आज सकाळी तिनं स्वतःच हा कागद आणि पाट माझ्यापुढं आणून ठेवला. म्हणून लिहिते.

नूतन, तू माझ्या पोटची आहेस. ज्येष्ठात, असोद्याला, मधल्या खोलीत, सुगंधाबाईच्या हातावर तू जन्मलीस, आणि कानबाईच्या दिवशी मी तुला अक्काच्या ओटीत घातलं. तू बसमध्ये गेलीस तेव्हा माझं दूध चालूच होतं. गाठी झाल्या, ताप चढला, सुगंधाबाईनं कोमट तेल लावून लाकडी फणीनं विंचरून त्या मोकळ्या केल्या. एक राहिली असं मी पुढं कायम धरून चालले, आणि म्हणूनच ही नवी गाठ मला जुनी वाटली. खरं सांगायचं तर मला ती तुझी वाटायची. आता रडायचं तेवढं रड, रागावायचं तेवढं रागाव, पण ते सगळं तपासणी झाल्यावर. हे पत्र मी तुझ्यावर हक्क सांगायला लिहिलेलं नाही. तुझी आई आमची अक्का, कस्तुराच. अमृत-प्रेमराजला सांगायचं की नाही ते तू ठरव. दिवाळीची वाट न बघता जा, फोटो आणि सोनोग्राफी दोन्ही करून घे, तुझी लेक मोठी झाली की तिलाही हे सांग. जाताना अक्काला सोबत ने, तिला बाहेरच्या बाकावर बसव, आणि बाहेर आल्यावर तिला पहिली आई म्हणून हाक मार, ती त्याचीच वाट बघत बसलेली असेल. फक्त आत, दार लावल्यावर, आईला होता का असं सिस्टर विचारेल तेव्हा 'हो' म्हण, आणि माझं नाव सांग. डॉक्टरबाई म्हणतात दरवर्षी जायचं असतं. म्हणजे वर्षातून एकदा मी तुझी आई होईन. मला तेवढं पुष्कळ आहे.

तुझीच,
सुंदरमावशी